बाळाचे पाय आणि शाळेचा दाखला

आपल्या कॉलेजात 'अँटिसोशल' हा शब्द रोज कानावर पडतो. कँटीनला यायचा कंटाळा आला की कुणीतरी म्हणतं, "सोड ना, आज मी अँटिसोशल मूडमध्ये आहे." म्हणजे त्याला एकटं बसायचं असतं. अशा माणसाला मराठीत आपण एकलकोंडा म्हणतो, फारच झालं तर माणूसघाणा म्हणतो. मानसशास्त्रात मात्र या शब्दाचा अर्थ अगदी वेगळा आहे. तिथे अँटिसोशल म्हणजे माणसांना टाळणारा नव्हे, तर माणसांना इजा करणारा, फसवणारा, नियम धाब्यावर बसवणारा, आणि एवढं करून मनाला फारसं काही न लागणारा. 'समाजविघातक' हा मराठी शब्द या अर्थाच्या जास्त जवळ जातो.

मी साहित्याची विद्यार्थिनी. मानसशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय नाही. तरी गेलं वर्षभर मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे, त्याला कारण दोन मुलं.

पहिला माझ्या वर्गात होता, आठवीत. त्याचं नाव इथे येणार नाही, शाळेचंही नाही. तो पाचवीच्या मुलांकडून डब्याचे पैसे काढून घ्यायचा. कंपासचं टोक शेजारच्याच्या हातात खुपसायचा आणि टीचर वळल्या की पुस्तकात डोकं घालून बसायचा. एक दिवस मधली सुट्टी संपताना त्याने माझ्या धाकट्या भावाला जिन्यावरून ढकललं. भावाचं मनगट मोडलं. तो मात्र ऑफिसात शांतपणे म्हणाला, "तोच घसरला." चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. त्या चेहऱ्याची मला कितीतरी दिवस भीती वाटत होती.

शाळेने काय केलं? आधी छडी. मग वर्गाबाहेर उभं करणं, मग डायरीत लाल शेरे, मग आईला बोलावणं, मग आठवडाभर घरी बसवणं आणि शेवटी दाखला. दाखल्यासाठी जो तक्रार-अर्ज गेला, त्यावर वर्गातल्या मुलांच्या सह्या होत्या. मॉनिटर म्हणून पहिली सही माझी होती. तो गेला त्या दिवशी मला मोकळं वाटलं. हे मी लपवत नाही. पुढे त्याने शाळाच सोडली, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

दुसरा मुलगा नऊ वर्षांचा आहे. रविवारच्या मिस्सानंतर मी चर्चमध्ये लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, त्या वर्गात तो येतो. गेल्या वर्षी त्याने एका मुलीची वेणी कात्रीने कापली आणि ती रडायला लागली तेव्हा तो हसला. मी सरळ फादरांकडे गेले आणि म्हणाले, "फादर, याला वर्गातून काढून टाका." फादरांनी एवढंच विचारलं, "काढून कुठे पाठवू?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्रीपासून मी वाचायला लागले. जे समजलं ते इथे मांडते आहे.

शिक्का मारण्याआधी

पहिली गोष्ट ही समजली की शाळेतल्या कुठल्याही मुलाला 'समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचा' म्हणता येत नाही. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनचं निदानपुस्तक, ज्याला डीएसएम म्हणतात, त्याची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. त्यानुसार समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान वयाची १८ वर्षं पूर्ण होण्याआधी करायचंच नाही. पण त्याच पुस्तकात आणखी एक अट आहे. अशा माणसात १५ व्या वर्षाआधी 'वर्तन विकारा'ची लक्षणं दिसलेली असली पाहिजेत. म्हणजे निदान होतं मोठेपणी, पण त्याचा पुरावा शोधायचा तो शाळेच्या वयात. म्हणून हा विषय जितका दवाखान्याचा तितकाच शाळेचा आहे.

वर्तन विकाराची १५ लक्षणं दिलेली आहेत आणि ती चार गटांत बसतात: माणसांना किंवा प्राण्यांना इजा करणं, मालमत्तेची नासधूस, खोटेपणा किंवा चोरी, आणि नियमांचं गंभीर उल्लंघन, जसं घरातून पळून जाणं, वारंवार शाळा बुडवणं. यातली निदान तीन लक्षणं गेल्या बारा महिन्यांत दिसायला हवीत, आणि त्यातलं एक तरी गेल्या सहा महिन्यांतलं हवं. एखादी मारामारी किंवा एकदा चोरलेले पन्नास रुपये यांना विकार म्हणत नाहीत. तसं असतं तर आपल्यातले निम्मे जण त्यात बसले असते. आणि हे निदान करायचं ते मानसोपचारतज्ज्ञाने किंवा चिकित्सक मानसशास्त्रज्ञाने. वर्गशिक्षकाने नाही, आणि वाचून शहाण्या झालेल्या माझ्यासारखीने तर नाहीच.

यातल्या थोड्या मुलांच्या बाबतीत डीएसएम आणखी एक नोंद करायला सांगतं. पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याच्या दुःखाची पर्वा नसणं, स्वतःच्या अभ्यासाचं किंवा कामाचं काहीच न वाटणं, आणि भावना वरवरच्या असणं, या चारांपैकी दोन गोष्टी वर्षभर, घरी आणि शाळेत अशा वेगवेगळ्या ठिकाणी दिसल्या, तर ते मूल वेगळ्या गटात धरलं जातं. 'चेहऱ्यावर रेघ न हलणारी' म्हणून आपण ज्यांना ओळखतो ती ही मुलं. त्यांच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

म्हण अर्धीच खरी

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. वाया गेलेल्या मुलाबद्दल बोलताना तर ही म्हण हमखास येते. ली रॉबिन्स या अमेरिकन संशोधिकेने जणू या म्हणीचीच परीक्षा घेतली. सेंट लुईस शहरातल्या एका बालमार्गदर्शन केंद्रात पूर्वी आलेल्या ५२४ मुलांना तिने सुमारे तीस वर्षांनी शोधून काढलं. ती मोठेपणी कशी झाली ते पाहिलं आणि १९६६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तिचा निष्कर्ष दोन भागांत आहे. मोठेपणी जे समाजविघातक निघाले, ते जवळपास सगळे लहानपणीही तसेच वागत होते. पण लहानपणी तसं वागणारी बहुतेक मुलं मोठेपणी तशी झाली नाहीत.

पाठीमागे पाहिलं तर म्हण खरी वाटते. तुरुंगातल्या माणसाच्या जुन्या शिक्षकांना विचारा, ते म्हणतील, "मला तेव्हाच कळलं होतं." पण पुढे पाहायचं असेल, वर्गात बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलाबद्दल सांगायचं असेल, तर म्हण फसते. शाळेला तर पुढेच पाहायचं असतं.

१९९३ साली टेरी मॉफिट यांनी याला आणखी एक जोड दिली. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास लहानपणापासून चालू आहे. त्या कामाच्या आधारे त्यांनी दोन वाटा दाखवल्या. एक वाट पौगंडावस्थेपुरती: चौदा-पंधराव्या वर्षी मुलं बिथरतात, मोठं झाल्याचं दाखवायला नियम मोडतात आणि विशीत ताळ्यावर येतात. दुसरी वाट अगदी लहानपणी सुरू होते आणि पुढे टिकते. या वाटेवरची मुलं थोडी असतात. पुष्कळदा त्यांच्या मागे लहानपणापासूनच्या शिकण्याच्या आणि भाषेच्या अडचणी असतात, घरात मारझोड किंवा हालअपेष्टा असतात. नववीत येऊन अचानक वांड झालेला मुलगा आणि पहिलीपासून मारत आलेला मुलगा वरून सारखे दिसले तरी सारखे नसतात. शाळेच्या दप्तरात मात्र दोघांवर एकच शेरा असतो.

शाळेचे चार जुने उपाय

आपल्याकडच्या शाळा अशा मुलांशी कशा वागतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चार पद्धती दिसतात.

पहिली शिक्षेची. वर्गातला एक नेहमीचा प्रसंग घ्या. सर म्हणतात, "वही काढ." मुलगा बाक आपटतो. सर ओरडतात. मुलगा उलट बोलतो, वर्ग हसतो. सर आणखी चिडतात आणि शेवटी म्हणतात, "चल, हो बाहेर." आता पाहा, मुलाची गणितातून सुटका झाली. सरांना उरलेला तास शांत मिळाला. दोघांनाही हवं ते मिळालं, म्हणून उद्या दोघंही हेच करतील, आणि आजच्यापेक्षा थोडं वरच्या पट्टीत करतील. ऑरेगॉनमधले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटर्सन यांनी घराघरांत बसून नोंदी घेतल्या आणि आई-वडील व मुलं अशा जबरदस्तीच्या चक्रात कशी अडकतात ते १९८२ च्या पुस्तकात मांडलं. ते घराबद्दल लिहितात, पण मला वाचताना आमचा आठवीचा वर्ग दिसत होता.

दुसरी पद्धत दुर्लक्षाची. "जाऊ दे, त्याच्या नादी लागू नका." शेवटच्या बाकावर बसवायचं, प्रश्न विचारायचा नाही, नापास न करता पुढे ढकलायचं. यात शाळेला शांतता मिळते आणि मुलाला शिकवण्याचं काम तेवढं राहून जातं.

तिसरी पद्धत दाखल्याची. अमेरिकेत १९९४ साली शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला निदान वर्षभर काढून टाकण्याचा कायदा झाला. कायदा बंदुकीपुरता होता, पण 'जराही खपवून घेणार नाही' हे धोरण अनेक शाळांनी बारीकसारीक गुन्ह्यांनाही लावलं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कृती गटाने या धोरणाचा आढावा घेऊन २००८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. अशा धोरणामुळे शाळा अधिक सुरक्षित झाल्या, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. काढलेलं मूल नाहीसं होत नाही. ते दुसऱ्या शाळेत जातं, नाहीतर रस्त्यावर येतं. फादरांच्या प्रश्नाचा अर्थ मला इथे कळला.

चौथी पद्धत वरून चांगली दिसते. सगळ्या त्रासदायक मुलांना एकत्र करायचं आणि त्यांच्यासाठी वेगळा वर्ग किंवा शिबिर ठेवायचं. इथे केंब्रिज-सोमरव्हिलचा धडा आठवावा लागतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात ५०६ मुलगे होते. निम्म्यांना काही वर्षं समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं दिलं. उरलेल्यांना काही दिलं नाही. जोन मॅककॉर्ड यांनी १९७८ मध्ये तीस वर्षांनंतरचे निकाल मांडले. मदत मिळालेली मुलं मोठेपणी सुधारलेली नव्हती. उलट कित्येक बाबतींत न मिळालेल्यांपेक्षा वाईट स्थितीत होती. पुढे १९९९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पुन्हा तपासलं तेव्हा दिसलं की ज्यांना उन्हाळी शिबिरांना एकापेक्षा जास्त वेळा पाठवलं होतं त्यांचं नुकसान सर्वांत जास्त होतं. चार वांड मुलं एकत्र आली की ती एकमेकांच्या पराक्रमांवर हसतात, आणि ते हसणं हेच बक्षीस होतं. हेतू चांगला असला तरी मुलाचं नुकसान होऊ शकतं, हे वाचून मी जरा हबकलेच.

मग चालतं काय?

बाल्टिमोर शहरात १९८५ साली सरकारी शाळांच्या पहिलीच्या वर्गांत एक खेळ सुरू झाला. त्याची कल्पना १९६९ साली कॅन्ससमधल्या एका वर्गावरच्या प्रयोगातून प्रसिद्ध झाली होती. मराठीत त्याला 'चांगल्या वागण्याचा खेळ' म्हणू. वर्गाचे दोन-तीन संघ करायचे. दांडगट, लाजरी, मुलगे, मुली सगळी मिसळून. चार-पाच साधे नियम भिंतीवर लावायचे. खेळाच्या वेळात कुणी नियम मोडला तर टीचर शांतपणे त्याच्या संघापुढे एक खूण करतात. ओरडणं नाही, भाषण नाही. खुणा ठराविक आकड्याच्या आत राहिल्या तर तो संघ जिंकतो, आणि सगळे संघ एकाच वेळी जिंकू शकतात. बक्षीस छोटं. सुरुवातीला खेळ दहा मिनिटांचा, आठवड्यातून तीनदा. पुढे वेळ वाढवत न्यायचा, आणि आता खेळ चालू आहे हेही आधी सांगायचं नाही.

यात गंमत कुठे आहे? दांडगट मुलाला त्याच्यासारख्यांत न टाकता सगळ्यांत मिसळलं जातं. तो बाक आपटायला लागला तर त्याच्या संघातली मुलं हसत नाहीत, कारण हसलं तर आपलंच नुकसान. पॅटर्सनच्या चक्रातलं बक्षीस इथे उलट बाजूला जातं. जोन मॅककॉर्डच्या शिबिरात जे बिघडलं, ते इथे टळतं.

शेपर्ड केलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मुलं १९ ते २१ वर्षांची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. पहिलीत जे मुलगे सर्वांत जास्त आक्रमक होते त्यांच्यात, खेळ न खेळलेल्या वर्गांतल्या तशाच मुलग्यांपेक्षा, समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं प्रमाण बरंच कमी आढळलं. सहा वर्षांच्या मुलांशी खेळलेला खेळ विशीपर्यंत पुरला. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. पुढच्या वर्षी त्याच शिक्षकांनी नव्या तुकडीबरोबर हाच खेळ घेतला. त्या वर्षी त्यांना प्रशिक्षण आणि पाठबळ कमी मिळालं, आणि परिणामही क्षीण झाला. खेळाचे नियम तेच होते, फक्त शिक्षकाच्या पाठीशी कुणी नव्हतं.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं, आणि त्याचा धागा आपल्या शेजारच्या गोव्याशी जुळतो. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'संगत' या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा प्रकल्प राबवला. हा खास समाजविघातक मुलांसाठी नव्हता, संपूर्ण शाळेसाठी होता. शाळेत भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायला चिठ्ठ्यांची पेटी, स्पर्धा, विद्यार्थ्यांचे गट, शिस्तीबद्दल शिक्षकांशी चर्चा, आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकट्याशी बोलणं, अशा गोष्टी होत्या. काही शाळांत हे काम पूर्णवेळ नेमलेल्या साध्या समुपदेशकाने केलं, काही शाळांत तिथल्याच एका शिक्षकाने केलं, आणि काही शाळा तुलनेसाठी ठेवल्या होत्या.

२०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निकाल आले. समुपदेशक असलेल्या शाळांत नववीच्या मुलांना शाळा अधिक आपली वाटू लागली होती, आणि दादागिरी, मारामारी, नैराश्य हे सगळं कमी झालं होतं. हेच काम शिक्षकावर टाकलेल्या शाळांत मात्र फरक पडला नाही. याचा दोष शिक्षकांना देऊ नये. ज्याच्या डोक्यावर पोर्शन, पेपर, जनगणना आणि निवडणुकीची ड्यूटी आहे त्याला आणखी एक काम दिलं की काय होतं, ते आपण जाणतो. मूल ज्याच्याकडे मार्कांसाठी पाहतं, त्याच्याकडेच मन मोकळं करेल असंही नाही. पण हा समुपदेशक काही मोठा डॉक्टर नव्हता, हे लक्षात घ्या. प्रशिक्षण दिलेला साधा माणूस होता, आणि त्याचं कामच ते होतं. आपलं वाङ्मय मंडळ दर महिन्याला भित्तिपत्रक लावतं. नालंद्याच्या शाळांत तेच मुलांना बोलतं करण्याचं एक साधन होतं, हे वाचून मला आपल्या त्या फलकाबद्दल वेगळंच वाटलं.

ज्याला दुसऱ्याचं रडणं कळत नाही

आता ती 'चेहऱ्यावर रेघ न हलणारी' मुलं. त्यांच्याबद्दल शाळेची समजूत अशी असते की हा निगरगट्ट आहे, याला जास्त कडक शिक्षा हवी. संशोधन याच्या उलट सांगतं. यातल्या बऱ्याच मुलांना समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती किंवा दुःख चटकन ओळखता येत नाही, आणि शिक्षेच्या भीतीचा त्यांच्यावर इतरांइतका परिणाम होत नाही. ऑस्ट्रेलियात डेव्हिड हॉज आणि मार्क डॅड्स यांनी २००५ मध्ये लहान मुलग्यांवर केलेला एक अभ्यास आहे. 'जा, कोपऱ्यात बस' ही शिक्षा अशा मुलांवर इतरांपेक्षा कमी चालली. चांगल्या वागण्याचं लगेच कौतुक करणं किंवा छोटं बक्षीस देणं मात्र त्यांच्यावरही इतरांइतकंच चाललं.

आमच्या आठवीतल्या मुलाला शिक्षा किती मिळाल्या ते मी सांगितलं. कौतुक किती वेळा मिळालं, हे आठवायचा मी प्रयत्न केला. एकदा. क्रीडा दिनाला तंबूचे बांबू त्याने एकट्याने उभे केले तेव्हा पी.टी.चे सर म्हणाले होते, "शाब्बास, वाघा." त्या दिवशी त्याने कुणाला हात लावला नाही. अर्थात एका दिवसावरून सिद्धान्त काढता येत नाही, पण मला तो दिवस आठवला.

आणखी एक आठवलं. त्याचे जवळजवळ सगळे प्रकार मधल्या सुट्टीच्या शेवटी, जिन्यावर, किंवा ऑफ तासाला व्हायचे. सहा पायऱ्यांच्या शिक्षा झाल्या, पण हे केव्हा घडतं, कुठे घडतं, त्याआधी काय होतं आणि त्यानंतर त्याला काय मिळतं, हे कुणी कागदावर मांडलं नाही. मी मॉनिटर होते. मला हे माहीत होतं. मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

बाकीच्या चाळीस जणांचं काय?

एवढं वाचून कुणी म्हणेल, "सगळी दया त्यालाच का? ज्याचं मनगट मोडलं त्याचं काय?" हा प्रश्न माझ्या घरचाच आहे. माझा भाऊ त्यानंतर कित्येक महिने तो जिना टाळून लांबून वळसा घालून जायचा. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर आम्ही लहानपणापासून प्रवचनं ऐकली. मला मात्र तेव्हा राहून राहून वाटायचं, मागे रानात राहिलेल्या नव्व्याण्णवांकडे कोण पाहत होतं?

याचं सर्वांत नीट उत्तर मला नॉर्वेच्या डॅन ओल्व्हेयस यांच्या कामात सापडलं. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. शाळासोबत्यांचा छळ हे त्यामागचं कारण असावं, असं मानलं गेलं. त्यानंतर देशाने शाळांतल्या दादागिरीविरुद्ध मोहीम काढली, आणि बर्गन शहरात ओल्व्हेयस यांनी आपला कार्यक्रम उभा केला. त्यातला मुद्दा साधा आहे. त्रास देणाऱ्याला प्रेम द्या, पण सीमा पक्की ठेवा. सुट्टीत मोठी माणसं मैदानात आणि जिन्यावर हजर ठेवा. नियम मोडला तर दरवेळी, ठरलेला, मारहाण नसलेला परिणाम होऊ द्या. त्रास देणाऱ्याशी आणि त्रास झालेल्याशी वेगवेगळं बोला. आपल्याकडे दोघांना ऑफिसात उभं करून "चला, शेकहँड करा" म्हणतात. त्यात ज्याला लागलंय त्याला पुन्हा एकदा गप्प बसवलं जातं.

म्हणून माझं म्हणणं असं: दाखला न देणं म्हणजे सोडून देणं नव्हे. आमच्या शाळेला जिन्यावर सुट्टी संपताना एक माणूस उभा करता आला असता. त्याला पाचवीच्या वर्गांपासून वेगळ्या वेळी सोडता आलं असतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता आलं असतं. रोज पाच मिनिटं त्याच्याशी बोलेल असा एक मोठा माणूस ठरवता आला असता. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही असं मी म्हणणार नाही. पण जिन्यावर उभं राहायला पैसा लागत नाही. आणि हे सगळं करूनही इतरांच्या जिवाला धोका राहत असेल, तर त्या मुलाला दुसरीकडे हलवावं लागेल. पण ते कुठे, कुणाच्या हाती, हे आधी ठरवून.

कायदा आणि आपल्या शाळा

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाने प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकायला बंदी केली. २०१९ मध्ये पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची बंदी तशीच राहिली. सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले.

मात्र २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना, मग त्या अनुदानित असोत की विनाअनुदानित, लागू होत नाही. म्हणजे आपल्या ख्रिस्ती शाळांना ही बंदी बांधत नाही. मुलांशी क्रूरपणे वागण्याविरुद्धचे इतर कायदे आहेतच. पण आठवीतल्या मुलाच्या हातात दाखला द्यायचा की नाही, हे आपल्याकडे पुष्कळसं आपल्या विवेकावर येऊन थांबतं.

आणि आपल्याकडे विवेकाला आधार नाही असंही नाही. तुरीनच्या रस्त्यांवरच्या आणि तुरुंगातल्या पोरांत काम केलेल्या डॉन बॉस्को यांनी १८७७ साली एक छोटं टिपण लिहिलं. त्यात शिस्तीच्या दोन पद्धती आहेत. एक दडपणारी: नियम सांगायचे, लक्ष ठेवायचं आणि मोडले की शिक्षा करायची. दुसरी प्रतिबंधाची: नियम सांगायचे आणि मुलांच्या सोबत राहायचं, म्हणजे नियम मोडण्याची वेळच कमी येते. तिचे तीन आधार म्हणजे विवेकबुद्धी, धर्म आणि प्रेमळपणा. शिक्षकाने सुट्टीत मैदानावर मुलांमध्ये असावं, यावर त्यांचा भर होता. बाल्टिमोर आणि बर्गन ज्या जागी शंभर वर्षांनी मोजमाप करून पोहोचले, त्या जागेच्या जवळपास ते आधीच उभे होते. त्यांचे फोटो आपल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर आहेत.

शेवटी

त्या नऊ वर्षांच्या मुलाला आम्ही वर्गातून काढलं नाही. ज्या मुलीची वेणी कापली, तिच्या आईशी मी आधी बोलले आणि त्या दोघांच्या जागा लांब केल्या. कात्र्या आता माझ्या पिशवीत असतात. वर्ग सुरू होण्याआधी तो माझ्याबरोबर बाकं लावतो आणि प्रत्येक बाकामागे मी काहीतरी बरं बोलते. त्याच्या आई-वडिलांना फादरांनी डॉक्टरांकडे जायला सांगितलंय. एकदा जाऊन आले, पुढे जातील की नाही माहीत नाही. मागच्या महिन्यात त्याने पुन्हा एकाला चिमटा काढून रक्त काढलं. तेव्हा तो माझ्याकडे पाहत होता, मी ओरडते का ते बघायला. मी ओरडले नाही. ठरल्याप्रमाणे त्या दिवशी त्याला बाकं आवरायला मिळाली नाहीत. त्याला त्याचं वाईट वाटलेलं मला दिसलं. चिमटा काढल्याचं वाटलं की बाकांचं, ते सांगता येत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले पुष्कळ जण दोन वर्षांत बी.एड. करून शिक्षक होतील. पहिल्याच वर्षी तुमच्या वर्गात असं एक मूल असेल. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणेल, "सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही. पाठवून द्या त्याला." तेव्हा फादरांनी मला विचारलेला प्रश्न तुम्हीही विचारा. कुठे पाठवायचं? आणि उत्तर येईपर्यंत सुट्टी संपताना जिन्यावर जाऊन उभे राहा.